पावसाळ्यातला आमचा फुटबॉल

संपादक मंडळानं मला 'शाळेच्या फुटबॉलचा इतिहास' लिहायला सांगितलं, कारण 1986 च्या संघाचा कप्तान मी होतो. इतिहास म्हणावा एवढे चषक आपल्या कपाटात नाहीत, हे आधीच कबूल करतो.

लोणावळ्याची पोरं फुटबॉलकडे वळली ती मुख्यतः पावसामुळे. वर्षाला 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात जून ते सप्टेंबर क्रिकेटची खेळपट्टी कुठे आहे हेसुद्धा सापडायचं नाही. चिखलात फुटबॉल मात्र चालतो. (कबड्डीही चालते, पण ती हरल्यावर घरी कपडे दाखवायची सोय नसायची.) शिवाय हे गाव रेल्वेचं. 1863 मध्ये बोरघाटातून गाड्या सुरू झाल्या, आणि कर्जतहून घाट चढताना मागून जोर लावणारी बँकर इंजिनं आजही इथं येऊन सुटतात. रेल्वे वसाहतीत आम्हा पोरांना मोकळी जागा मिळाली. 1945 पासून आयएनएस शिवाजीही शेजारी आहे. बंगाल, केरळ, गोवा अशा फुटबॉलवेड्या मुलखातले जवान तिथं प्रशिक्षणाला यायचे. हेडर मारताना डोळे मिटायचे नाहीत, हे मला त्यांच्यातल्याच एकानं शिकवलं. भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू कपाळावर घेताना डोळे उघडे ठेवणं सोपं नव्हतं!

1986 च्या जूनमध्ये मेक्सिकोचा विश्वचषक दूरदर्शनवर लागला. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या पडवीत मध्यरात्री चपलांचा ढीग. वीज जायची, यायची. अर्जेंटिनानं पश्चिम जर्मनीला 3-2 नं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर अकराच्या अकरा जण मॅराडोना झाले. एक सोडून. आमचा गोलकीपर कामशेतच्या पुढच्या एका खेड्यातून लोकलनं यायचा. त्यानं सामना पाहिलाच नव्हता. त्यांच्या घरी तेव्हा वीजसुद्धा नव्हती. पण उंच चेंडू असा अलगद पकडायचा, की सर म्हणायचे, "हा आहे म्हणून मी रात्री झोपतो."

जुलैत शालेय स्पर्धेचा सामना होता. जिंकत गेलो तर सुब्रोतो चषकासाठी दिल्ली, असा आमचा हिशोब. त्या सकाळी गोलकीपर आलाच नाही. आम्ही स्टेशनवर दोन लोकल पाहिल्या. शेवटी बॅकला खेळणाऱ्याला गोलात उभं केलं आणि चार गोल खाऊन परत आलो. दोन दिवसांनी तो शाळेत आला. हातापायांना चिखलानं कुया पडलेल्या. "लावणी होती," एवढंच म्हणाला. मी कप्तान! सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "मग लावणीच कर. मैदानावर परत येऊ नकोस."

तो आला नाही. ऑगस्टमध्ये संघाचा फोटो निघाला. या स्मरणिकेत तोच छापला आहे. गोलकीपरच्या जागी बसलेला मुलगा राखीव खेळाडू आहे. दहावीनंतर त्याची शाळा सुटली, म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या यादीतही तो आला नव्हता.

हा लेख लिहायचा म्हणून गेल्या वर्षी मी त्याचं घर शोधत गेलो. त्यानं ओळखलं, चहा झाला, निघताना इंद्रायणी तांदळाची पिशवी हातात ठेवली. हे वाण वडगाव मावळच्या केंद्रातून 1987 साली आलं, म्हणजे आमच्या भांडणानंतरच्या वर्षी. मग मीच त्या सामन्याचा विषय काढला.

"आरं, सावड होती," तो म्हणाला. "आज माझ्या खाचरात सगळ्यांनी, उद्या तुझ्या खाचरात सगळ्यांनी. त्या दिवशी आमची पाळी होती. गावची पंधरा माणसं चिखलात वाकलेली, आन् घरचंच पोरगं चेंडू खेळाया गेलं, तर पुढच्या साली आमच्याकडं कोण आलं असतं?"

दीड महिना एका संघात खेळलो, पण पाळी म्हणजे काय हे मी त्याला तेव्हा विचारलं नव्हतं. मी माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "चार गोल? मी असतो तर दोनच झालं असतं."

मेळाव्याला ये म्हटलं, तर त्यानं तारीख विचारली. आपण तेव्हा जुलैचा दुसरा रविवार धरला होता, धबधबे पाहायला मिळावेत म्हणून. तो म्हणाला, "जुलैत न्हाई जमायचं."

तारीख डिसेंबरवर का गेली, असं पुष्कळांनी संयोजकांना विचारलं आहे. ती मी बदलायला लावली.