गर्जना आणि स्पष्टता : विद्युत्-गिटारीच्या घट्ट नादाची कथा

नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ हें सातपुड्याच्या माथ्यावरचें पठार समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंच आहे. होळीच्या दिवसांत या डोंगरांत भिल्ल व पावरा लोकांचे मोठे ढोल वाजूं लागले, म्हणजे त्यांचा आवाज दऱ्याखोरीं ओलांडून दूरवर जातो. ढोलापाशीं उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक आघात वेगळा ऐकूं येतो. सीताखाईसारख्या खोल दरीच्या पलीकडे उभ्या असलेल्याला मात्र नुसती घुमघुम पोंचते. नाद पोंचला, पण बोल वाटेंत हरवला. नादाला बळ मिळालें म्हणजे त्याची स्पष्टता टिकतेच असें नाहीं, याचा हा रोकडा अनुभव होय.

पखवाज वाजविणाऱ्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पखवाजी वादनापूर्वीं डाव्या पुडीवर भिजविलेली कणीक लावतो. ती कमी पडली तर नाद पोकळ वाटतो. अधिक झाली तर पुडी बसते. खर्जाला किती मोकळीक द्यावयाची, हें तो हात उचलण्याच्या आधींच ठरवून टाकतो. विसाव्या शतकांत विद्युत्-गिटारीच्या वर्धक यंत्रानें हाच प्रश्न नव्या रूपांत पुढें आणला, आणि त्याचें उत्तर सांपडावयास कारागिरांना व वादकांना बरींच वर्षें लागलीं.

या कथेच्या मुळाशीं आहे ती निर्वात नलिका, म्हणजेच जुन्या रेडिओमधला व्हॉल्व्ह. १९०४ सालीं इंग्लंडांत जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनीं दोन अग्रांची नलिका सिद्ध केली. पुढें १९०६-०७ च्या सुमारास अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं तींत तारेची जाळी बसविली. तापलेल्या अग्रापासून निघणारा विद्युत्कणांचा प्रवाह या जाळीवरच्या अल्पशा दाबानें कमी-अधिक करतां येतो. पाटाच्या तोंडाशीं बसविलेली लहानशी फळी साऱ्या पाण्याला आवरते, तसाच हा प्रकार. गिटारीच्या तारेपासून आलेलें क्षीण कंपन जाळीवर घातलें, कीं पुढच्या प्रवाहांत तेंच मोठें होऊन उमटतें.

परंतु फळीलाहि मर्यादा असते. ती पुरती मिटल्यावर पाणी आणखी कमी होत नाहीं, आणि पुरती उघडल्यावर आणखी वाढत नाहीं. त्याचप्रमाणें येणारें कंपन फार मोठें असलें, तर त्याच्या लाटेचा माथा व तळ छाटला जातो, आणि त्या छाटणीतून मूळ स्वरांत नसलेले उपस्वर निर्माण होतात. नाद दाट, खरखरीत आणि लांबणारा होतो. उपस्वरांची अशी दाटी मराठी कानाला अगदींच परकी नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढून तारेखालीं दोरा सरकवितात, तो उपस्वर फुलविण्यासाठींच.

दूरध्वनीच्या व नभोवाणीच्या अभियंत्यांना मात्र नलिकेचा हा गुण शुद्ध दोष वाटे. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्यानंतर दहाच दिवसांनीं, २ ऑगस्ट रोजीं, बेल प्रयोगशाळेंतील हॅरॉल्ड ब्लॅक हे नावेंतून न्यूयॉर्कला कामावर जात असतां त्यांना एक युक्ति सुचली, आणि हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनीं तिची आकृति काढली. वर्धकांतून बाहेर पडणाऱ्या लहरीचा थोडा अंश उलटा करून पुन्हां आरंभीं घालावा, म्हणजे यंत्राची चूक बव्हंशीं वजा होते, अशी ती युक्ति होती. तिलाच ऋण प्रतिपोषण म्हणतात.

अभियंते दोष घालविण्यांत गुंतले होते, तर गिटारवादक त्याच दोषावर लुब्ध होत होते. १९५१ सालच्या ‘रॉकेट ८८’ या अमेरिकन ध्वनिमुद्रिकेंत विली किझार्ट यांच्या बिघडलेल्या वर्धकाचा फाटका आवाज तसाच राहूं दिला गेला, आणि लोकांना तो आवडला. १९६२ सालीं लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल यांच्या दुकानांत, फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ या वर्धकाच्या धर्तीवर नवा वर्धक तयार झाला. भारतांतहि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यानें १९६१ सालीं रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला. विद्युत्-गिटारीचा नाद तर हिंदी चित्रपटांतून घरोघर पोंचला. १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटांतील ‘दम मारो दम’ या गाण्याच्या आरंभींची गिटार भूपिंदर सिंग यांनीं वाजविलेली आहे.

वर्धन जसजसें वाढत गेलें, तसतशी एक नवी अडचण पुढें आली. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ८२ वेळां कंप पावते. खर्जाचीं कंपनें मुळांतच मोठीं असल्यामुळें नलिकेची सारी मर्यादा तींच व्यापून टाकतात, आणि वरचे स्वर त्यांच्या पाठीवर बसून छाटले जातात. शिवाय दोन स्वर एकाच वेळीं छाटले गेले, म्हणजे त्यांच्या आंदोलनसंख्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर उत्पन्न होतात. वजाबाकीचा स्वर खालीं उतरून नाद गढूळ करतो. दोन नलिकांना जोडणारा कंडेन्सर जबर धक्क्यानें भरून जातो, आणि तो रिता होईपर्यंत पुढची नलिका क्षणभर गुदमरते. मोठ्या आघाताबरोबर यंत्राच्या वीजपुरवठ्याचा दाबहि खचतो. या सर्वांचा परिणाम एकच : वादकाच्या बोटांनीं काढलेला बोल लगद्यासारख्या नादांत बुडून जातो.

यावरचा उपाय प्रथम यंत्राच्या पोटांतच शोधला गेला. फेंडरच्या वर्धकांत पहिल्या नलिकेच्या कॅथोडला २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडण्याची रीत होती, आणि त्यामुळें खर्जासकट सर्व स्वरांना सारखेंच बळ मिळे. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत मार्शलच्या वर्धकांतील एका मार्गावर त्या जागीं अवघा ०.६८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आला. खर्जाचें वर्धन कमी झालें, वरच्या स्वरांचें तसेंच राहिलें, आणि आवाजाला धार आली. त्याच सुमारास पुरवठ्यांतील वीज एकदिश करणारी नलिका जाऊन सिलिकॉनचे डायोड आले, त्यामुळें दाब खचण्याचें प्रमाणहि घटलें.

दुसरा उपाय यंत्राच्या बाहेर निघाला. बर्मिंगहॅमचे टोनी आयोमी यांचीं उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें पत्र्याच्या कारखान्यांतील अपघातांत तुटलीं. ते डावखुरे असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. त्यांनीं बोटांना टोपणें करून घेतलीं, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या ध्वनिमुद्रिकेंतील कांहीं गीतांसाठीं गिटार तीन अर्धस्वर खालीं उतरविली. इतक्या सैल व खोल तारांचा नाद सहज गढूळ व्हावयाचा. परंतु त्यांच्या आरंभींच्या ध्वनिमुद्रणांत गिटार व वर्धक यांच्या मध्यें ‘रेंजमास्टर’ नांवाची एक लहान पेटी असे. ही पेटी खर्ज मागें ठेवून वरच्या स्वरांनाच पुढें ढकली. त्या दशकाच्या अखेरीस जपानमधून ‘ट्यूब स्क्रीमर’ ही हिरवी पेटी आली. तिच्यांत सुमारें ७२० आंदोलनांच्या खालच्या स्वरांना उत्तरोत्तर कमी बळ मिळतें. कित्येक वादक तिची स्वतःची खरखर जवळजवळ बंद ठेवून, केवळ नलिकेकडे जाणारा नाद आवळण्यासाठीं तिचा उपयोग करूं लागले.

या विचाराची सर्वांत स्पष्ट मांडणी कॅलिफोर्नियांतील रँडॉल स्मिथ यांच्या मेसा-बूगी वर्धकांत आढळते. त्यांच्या ‘मार्क’ मालिकेंत खर्जाची कळ मुख्य वर्धनाच्या आधीं येते, आणि स्वरपट्ट्यांच्या पांच सरकत्या कळा शेवटीं येतात. म्हणून जाणता वादक पहिली कळ जवळजवळ शून्यावर ठेवतो, आणि उणा केलेला खर्ज अखेरीस सरकत्या कळेनें परत देतो. छाटणी होऊन गेल्यावर आलेला हा खर्ज कोणालाहि गढूळ करूं शकत नाहीं. १९८६ सालच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या मेटॅलिका वृंदाच्या ध्वनिमुद्रिकेंतील गिटारीच्या नादांत या यंत्राचा मोठा वांटा आहे.

त्याच १९८६ सालीं मुंबईंत धोबीतलावजवळच्या रंगभवनांत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक मेळावा सुरू झाला. रॉक मशीनसारखे मुंबईचे वृंद त्या काळांत नांवारूपाला आले. अशा वृंदांत खालचा स्वरप्रदेश बेस-गिटार व मोठा ड्रम यांचा असतो. गिटारीनेंहि तेथेंच गर्दी केली, तर तिन्ही वाद्यें एकमेकांना झांकतात. गिटार आवळलेली असेल, तरच प्रत्येकाला आपापली जागा मिळते.

आजहि घरांतील तरुण मंडळी असा वर्धक घेऊन बसतात, तेव्हां आवाज पुरेसा उग्र नाहीं म्हणून वर्धनाची कळ आणखी पुढें फिरविण्याचा मोह होतो. ती कळ थोडी मागें घेऊन, खर्ज आधीं उणा करून, मागून बंद असलेल्या पेटींतला कर्णा वापरला, तर आवाज बहुधा अधिक जोरकस वाटतो. मात्र यंत्राचें पोट उघडून कंडेन्सर बदलण्याचें काम जाणकाराकडेच सोंपवावें. अशा यंत्रांत ४०० व्होल्टांच्या घरांतील वीज खेळत असते, आणि तार काढून ठेवल्यावरहि ती कंडेन्सरमध्यें दबा धरून राहूं शकते.

अर्ध्या शतकाच्या या खटपटींतून निघालेलें सार पखवाज्याच्या कणकेंत पूर्वींपासून होतें : आघात करण्याच्या आधीं खर्ज आवरावा. तोरणमाळच्या होळींत ढोल गळ्यांत घेण्यापूर्वीं त्याच्या दोऱ्या ओढणाऱ्या हातांनाहि हें कोणी निराळें शिकवावें लागत नाहीं.