पैठणची वाट नाईलपर्यंत

पैठण म्हटलं की आपल्याला नाथषष्ठीची गर्दी आठवते, नाहीतर पैठणी. आम्हा मुकुंदवाडीकरांना नळाचं पाणीही आठवतं. शहराला पाणी येतं ते जायकवाडीतून, आणि ज्या दिवशी ते येत नाही त्या दिवशी पैठणची आठवण जरा जास्तच होते. आज मी बोलणार आहे ते पैठण या सगळ्याच्या आधीचं आहे. तेव्हा ते सातवाहन राजांची राजधानी होतं आणि त्याचं नाव होतं प्रतिष्ठान.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातल्या, म्हणजे आजच्या इजिप्तमधल्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. कोणत्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठे खडक आहेत, कुठे चाचे आहेत, असं सगळं त्यात आहे. धंदा करणाऱ्याने धंदा करणाऱ्यासाठी लिहिलेली वहीच म्हणा. त्यात आपल्या मुलखातली दोन गावं नावानिशी येतात. एक 'पैठणा' आणि दुसरं 'तगर'. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, आपल्या गोरोबाकाकांचं गाव.

तो लिहितो, भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून खूप अकीक दगड येतो. तगरहून पुष्कळ साधं कापड येतं, शिवाय नाना प्रकारची मलमल. हा सगळा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला आणतात.

अकीक आपल्याला नवा नाही. काळ्या खडकाच्या पोटात आणि नदीच्या वाळूत तो पट्ट्यापट्ट्यांचा गुळगुळीत दगड सापडतो. पोरं खेळायला गोळा करतात. त्याला घासून, भोक पाडून मणी करत, आणि ते मणी समुद्रापार जात.

कल्याणचं बंदर जवळ असताना माल इतक्या लांब भडोचला का नेत असतील? त्याचंही उत्तर वहीत आहे. त्या काळात राजाराजांची भांडणं चालली होती. कल्याणला एखादं ग्रीक जहाज लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचकडे नेत. राजे भांडत होते आणि वीस दिवसांचा फेरा गाडीवानाला आणि बैलांना पडत होता.

त्या वाटेच्या खुणा आपल्याच जिल्ह्यात आहेत. कन्नडजवळ पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत आणि त्यात पैठणच्या लोकांची नावं आहेत. एक खांब पैठणच्या सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घराण्यातल्या मितदेवाने दिला. कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो आणि पुढे भडोचची वाट. घाट उतरण्याआधी व्यापारी इथे थांबत असतील, आणि मिळकतीतलं थोडं देऊनही जात असतील.

आता भडोचहून पुढे. मिसरची जहाजं जुलैमध्ये निघत. ज्या वाऱ्यावर आपला पाऊस येतो, त्याच वाऱ्यावर ती इकडे येत आणि थंडीत वारा उलटा फिरला की परत जात. म्हणजे आपल्या पेरण्या आणि त्यांचा व्यापार एकाच वाऱ्याच्या हातात होते. परतताना ती तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेसारख्या बंदरांना लागत. तिथून माल उंटांवर चढे. बारा दिवसांचं वाळवंट. उन्हामुळे बरीचशी चाल रात्रीच व्हायची. बारा दिवसांनी नाईल नदीकाठचं कोप्टोस लागे. आज त्याला किफ्त म्हणतात. तिथे माल होडीत भरायचा आणि प्रवाहाबरोबर अलेक्झांड्रियाला न्यायचा.

मला कोप्टोस आणि पैठण बहिणी-बहिणी वाटतात. दोघी नदीकाठच्या, दोघी वाटेवरच्या, दोघींकडे आडमुलखातून माल यायचा आणि पुढे जायचा. आज दोन्ही लहान गावं आहेत.

कोप्टोसला एक दगड सापडला आहे. त्यावर सन ९० मधले वाळवंटाच्या वाटेचे दर कोरलेले आहेत. आपल्या टोलनाक्यावर पाटी असते ना, तसे. ते नाणं द्राख्मा. कारागिराला ८ द्राख्मा, सैनिकाच्या बायकोला २० आणि देहविक्रय करणाऱ्या बाईला १०८. उंटाच्या परवान्याला मात्र द्राख्माहून कितीतरी लहान असं एकच नाणं, ओबोल. वाट तीच, वाळू तीच, पण बाईमाणसाला दर जास्त. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. म्हणजे फलक उलटा व्हायला एकोणीसशे वर्षं लागली.

बेरेनिकेला अलीकडे खूप खोदकाम झालं. तिथल्या देवळाच्या आवारात हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो काळी मिरी निघाली. सागाचं लाकूड निघालं, बुद्धाची मूर्ती निघाली. आणि सुती कापडाच्या चिंध्या निघाल्या. मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या चिंध्याच.

चिंधी कुठली हे कसं ओळखायचं? पिळावरून. सूत कातताना त्याला पीळ पडतो, तो एका बाजूला तरी पडतो नाहीतर दुसऱ्या. मिसरमध्ये सूत एका बाजूला पिळत, आपल्याकडे दुसऱ्या. घरी सुतळी हातात धरून बघा, पिळाच्या तिरप्या रेघा कुठे झुकतात ते दिसेल. चाती ज्या अंगाने फिरवायची सवय आईने लावली, त्याच अंगाने मुलगी फिरवणार. दोन हजार वर्षांनी रंग उडाला, काठ गेला, पण पीळ राहिला. त्यावरून तज्ज्ञ सांगतात की ही चिंधी हिंदुस्थानातली.

आणि सूत कोण कातत होतं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या सूतखात्याचा वेगळा अधिकारी आहे. सूत विधवांकडून, अपंग बायकांकडून, म्हाताऱ्या झालेल्या दासींकडून कातून घ्यावं, असं त्यात लिहिलं आहे. मजुरी सुताचा बारीकपणा बघून ठरवायची. सूत द्यायला बाई पहाटे आली तर दिवा फक्त सूत तपासण्यापुरता. तिच्या तोंडाकडे बघितलं किंवा भलतं बोललं तर अधिकाऱ्याला दंड, आणि मजुरी द्यायला उशीर केला तरी दंड. नियम करावा लागला म्हणजे तसं घडत होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. मजुरीसाठी खेटे घालणं किती जुनं आहे बघा.

या बायकांचं एकही नाव कुठे नाही. राजघराण्यातल्यांची आहेत. नाणेघाटात नागनिका राणीचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि तिच्या लेकाला सगळे आईच्याच नावाने ओळखतात, गौतमीपुत्र सातकर्णी. हाल राजाने जमवलेल्या 'गाथासप्तशती'त गोदाकाठच्या, शेतातल्या, घरातल्या बायका बोलताना ऐकू येतात. पण सूत कातणारीचं नाव नाही. तिची सही म्हणजे तो पीळ.

आता जायचं कसं ते सांगते. शहराहून पैठण पन्नासेक किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत एसटी जाते. गटाने गेलात तर सकाळी लवकर निघा. आधी नाथांच्या समाधीचं दर्शन घ्या. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला, तेव्हा सातवाहनांची राजधानी मोडून हजाराहून जास्त वर्षं झाली होती. तरी गाव वसलेलं होतं, पंडितांचं गाव म्हणून नाव होतं. नदीकाठच्या गावाचं असंच असतं, राजा जातो पण घाट राहतो.

मग बाळासाहेब पाटील वस्तुसंग्रहालय बघा. घाई करू नका. मणी, मातीच्या मूर्ती, नाणी, भांडी. या वस्तू लहान आहेत आणि लांबून बघितल्या तर फार काही वाटत नाही. जवळ जा. एवढ्याशा मण्याला आरपार भोक कसं पाडलं असेल, हे मणीमंगळसूत्र ओवणाऱ्या बाईला जास्त कळतं. तेरलाही रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जमवल्या, त्यांचं आज सरकारी संग्रहालय आहे. बायकांच्या सहली धरणावर आणि बागेत दिवस काढतात, संग्रहालयाला दहा मिनिटं देतात. मला हे उलट व्हावंसं वाटतं. धरण मोठं आहे खरं, दहा किलोमीटर लांब, २७ दरवाजे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पाया घातला आणि १९७६ मध्ये ते पुरं झालं. त्याच्या पाण्याखाली किती गावांची घरं, देवळं, पांढरी गेल्या, ते तिकडच्या म्हाताऱ्या बाया अजून सांगतात. कोणी भेटली तर बसून ऐका.

पांढरीवरून एक महत्त्वाचं. आपल्याकडे शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या पडलेल्या भिंतींची, चुलींच्या राखेची माती. धाब्यावर टाकायला, भिंती लिंपायला आपण तीच खणून आणतो. पाऊस पडून गेला की तिच्यातून मणी, खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, कधी नाणं वर येतं. ते पोरांच्या खेळात जातं, नाहीतर फिरत्या विकत घेणाऱ्याच्या पिशवीत, दहा-वीस रुपयांना. १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. तेव्हा नाणं, मूर्ती, मण्यांचा साठा असं काही निघालं तर तिथेच थांबा, घासूनपुसून चकाकवू नका आणि तलाठी किंवा तहसीलदारांना सांगा. कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडलं, हे वहीत लिहून ठेवा. सुटा मणी नुसता मणी असतो. चुलीशेजारी, चातीबरोबर सापडलेला मणी त्या घरात कोण राहत होतं ते सांगू शकतो.

चाती मातीची असते. मधे भोक असलेली चकती. खूपदा लोक तिला खेळण्यातलं चाक समजून फेकून देतात.