हँडल, सेल आणि भिंतीतला प्लग

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं मला गाठलं. म्हणाला, "सर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर फोटो काढत होतो. दुपारी दोनलाच बॅटरी संपली. तत्त्वज्ञानात यावर काही उपाय आहे का?" आजूबाजूचे हसले. उपाय तत्त्वज्ञानात नाही, पण या अडचणीला इतिहास आहे. आज तोच सांगतो.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासून करू. 1912 साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. या कॅमेऱ्याला बाजूला हँडल. एका सेकंदात साधारण दोन फेरे, म्हणजे सोळाएक चित्रं. वेग राखायचा तो मनगटानं. 'राजा हरिश्चंद्र'च्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा तिथे वीज आहे का, हे विचारायची फाळक्यांना गरजच नव्हती. उजेड सूर्याचा आणि बॅटरी म्हणाल तर स्वतःचा हात! दमला की जेवायचं, झाला चार्ज.

पण इथे एक गोष्ट विसरू नका. ती कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची आणि तिला कडेनं छिद्रं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. दिवसभर एवढ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकायचा आणि मग रात्री हे काम. हँडल फिरवणारा हात इतिहासात आला. छिद्रं पाडणारे हात यायला बराच वेळ लागला. यंत्राला लागणारी शक्ती कुठून येते हे विचारताना आपण फक्त सेलकडे बघतो, म्हणून हे सांगितलं.

हाताच्या जागी पुढे स्प्रिंग आली. घड्याळासारखी किल्ली द्यायची. तेही सोडून देऊ. आमच्या पिढीकडे होता अ‍ॅग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा, रोलमध्ये बारा फोटो, आणि आत सेल नावाची वस्तूच नाही. तो कधी 'डाउन' झाला नाही. संपायचा तो रोल. तेरावा फोटो नाही हे घरून निघतानाच ठाऊक असायचं, म्हणून बारावा कुणाचा काढायचा यावर घरात चर्चा व्हायची, कधी भांडणंही.

14 ऑक्टोबर 1956 ला वॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. समारंभ सकाळचा, उघड्या मैदानावरचा. त्या लाखोंच्या गर्दीत कॅमेरे मोजके. ज्याच्याकडे होता त्याला विजेची चिंता नव्हती. पण बाकीच्यांकडे कॅमेराच नव्हता. तेव्हा जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही.

बदल कधी झाला? 1976 मध्ये कॅननचा एई-वन आला. त्याचं शटरच विजेवर चालणारं; सेल संपला की कॅमेरा म्हणजे पेपरवेट. मग 1991 मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हलकी, पुन्हा पुन्हा भरता येणारी. या बॅटरीमागच्या संशोधनाला 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिनं कॅमेरा खिशात आणला हे खरंच. पण पेन्सिल सेल पानठेल्यावरही मिळत असे. ही बॅटरी भरायला भिंत लागते. कुठंही जा म्हणणाऱ्या यंत्रानं फिरस्त्याला रोज रात्री प्लगजवळ आणून बांधलं. आणि भिंतीत वीज असेलच असं कुठंय? कोराडी इथून हाकेच्या अंतरावर, तरी विदर्भातल्या खेड्यांनी लोडशेडिंगची वर्षं कशी काढली ते तुम्हाला सांगायला नको.

आता थोडं व्यवहाराचं. डिसेंबरात पहाटे ताडोब्याला गेलात आणि बॅटरी अचानक शून्यावर आली, तर ती मेली असं समजू नका. थंडीत आतल्या रसायनांची हालचाल मंदावते. खिशात अंगाच्या उबेला ठेवली की बऱ्याचदा पुन्हा चालते. माझ्या नातवानं हे मला शिकवलं, तोवर वाघ निघून गेला होता! आपल्याकडे खरा शत्रू मात्र मे महिना. बंद गाडीत उन्हात ठेवलेली बॅटरी कायमची अशक्त होते. आणि महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर पूर्ण भरून ठेवू नका, अर्धी बरी.

त्या तरुणाला मी एवढंच सांगून सोडलं नाही. दीक्षाभूमीजवळ एका दुकानाबाहेर मी जे पाहिलं तेही सांगितलं. लांब फळीवर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर वीसेक मोबाइल, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. एक बाई उभ्या होत्या, सोबत थकलेल्या सासूबाई. सासूबाई पहिल्यांदाच आलेल्या, स्तूपासमोर त्यांचा फोटो हवा होता आणि परतीच्या गाडीला तास राहिला होता. "भाऊ, किती झाली?" "नऊ टक्के, ताई. थांबा अजून." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, फोन काढून घेतला आणि त्यांचा हात धरून गर्दीत शिरल्या.