किल्पॉकची कर्मशाळा

मद्रास शहराच्या किल्पॉक भागात ‘लोकॉक्स गार्डन’ म्हणून ओळखली जाणारी एक प्रशस्त जागा होती. १८७१ साली सरकारने तेथे वेड्यांचे इस्पितळ उघडले. तत्पूर्वी, कंपनीच्या आमदानीत, १७९४ साली व्हॅलेंटाइन कॉनली नावाच्या शस्त्रवैद्याने मद्रासेत असे एक आश्रयगृह चालविले होतेच. परंतु किल्पॉकला मोकळी जमीन होती, आणि जमीन आली की काम आले. त्या काळच्या हिंदुस्थानातील बहुतेक वेड्यांच्या इस्पितळांत बागकाम, विणकाम, दळणकांडण ही कामे रुग्णांकडून करवून घेत. त्याने रुग्ण शांत राहतो असे डॉक्टर म्हणत. इस्पितळाचा खर्च हलका होतो हेही हिशेबनिसाला दिसत असे. युरोपियन रुग्णांना मात्र अशा अंगमेहनतीला सहसा जुंपत नसत. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे त्या उपचाराकडे थोडे संशयानेच पाहावे लागते.

मूळ विचार मात्र शुद्ध होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिलिप पिनेल याने मनोरुग्णांच्या बेड्यांना विरोध केला. स्पेनमधील सारागोसा येथील रुग्ण शेतात राबून सुधारतात, याचे त्याने कौतुक केले. इंग्लंडात यॉर्क शहरी विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय व्यापाऱ्याने १७९६ साली उघडलेल्या ‘रिट्रीट’मध्ये रुग्णाला घरच्या माणसाप्रमाणे वागवीत आणि कामाला लावीत. वेड लागले तरी माणूस माणूसच राहतो, त्याच्या ठायीचा विवेक विझत नाही, हे या पद्धतीचे अधिष्ठान होते.

या भावनेला तत्त्वज्ञानाचे रूप दिले ते बाल्टिमोरच्या अडॉल्फ मायर या स्विस वंशाच्या मनोवैद्याने. ‘रिकामे डोके सैतानाचे घर’ ही म्हण आपल्या ओळखीची आहे, आणि कामाने रुग्णाचे मन रमते एवढाच या उपचाराचा अर्थ पुष्कळांना वाटतो. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मायरने याच्या पुष्कळ पलीकडचे सांगितले. मनुष्याचे जीवन काम, खेळ, विश्रांती आणि निद्रा यांच्या तालावर उभे असते. मनाचा आजार म्हणजे बहुधा हा ताल चुकणे होय. तेव्हा उपदेशाने तो परत येत नाही. करून पाहण्यानेच येतो. रुग्णाला कामाची सक्ती करावयाची नसते, कामाची संधी द्यावयाची असते, असा त्याचा आशय होता. व्यवसायोपचार या शास्त्राचा पाया तो हाच.

हिंदुस्थानात या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले ते मुंबईत. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या आणि विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून महाराष्ट्राच्या झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ १९५२ साली स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा राष्ट्रांत भारत होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

किल्पॉकच्या रुग्णालयाला १९६१ साली शारदा मेनन या अधीक्षक लाभल्या. त्या पदावर आलेल्या पहिल्याच स्त्री. रुग्णालयात तेव्हा दोन हजारांहून अधिक माणसे होती, आणि त्यांतील पुष्कळांना न्यायला घरचे कोणी येत नसे. औषधाने भ्रम आवरू लागले होते. परंतु वर्षानुवर्षे कोणीही काही न मागितलेल्या, कोणाच्याही उपयोगी न पडलेल्या माणसाला घड्याळ, पगार, सहकारी हे सारे नव्याने शिकावे लागते. १९७० च्या सुमारास तेथे उद्योगोपचाराचे केंद्र उभे राहिले. पुढे तेथील भट्टीत रुग्णांच्या हातचा पाव भाजला जाऊ लागला. पीठ वेळेवर मळले नाही तर पाव फुगत नाही. मायरचा ताल तो आणखी कोणता? मेनन १९७८ साली निवृत्त झाल्या आणि १९८४ मध्ये त्यांनी मद्रासेतच स्किझोफ्रेनियावरील संशोधनासाठी ‘स्कार्फ’ ही संस्था काढली. तिनेही रोजगाराच्या शिक्षणाला उपचारात स्थान दिले. २०२१ साली त्या निवर्तल्या.

जुना संशय मात्र पूर्णपणे मिटला नव्हता. रुग्णाने विणलेले कापड विकले गेले तर पैसा कोणाचा? काम बरे करते हे खरे. परंतु तेच काम बिनपगारी झाले की ते राबवणूक ठरते, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याचे उत्तर दोन कलमी शब्दांत दिले: रुग्णावर कामाची सक्ती करता येणार नाही, आणि त्याने काम केले तर त्याला योग्य मोबदला मिळाला पाहिजे. लोकॉक्स गार्डनच्या जमिनीवर पहिला रुग्ण आला, त्याला तेव्हा १४६ वर्षे झाली होती.