फुटबॉलचे बारगीर

डब्लिनहून डार्टच्या गाडीनं दक्षिणेला निघालात की डाव्या हाताला समुद्र लागतो आणि थोड्याच वेळात डून लेरी येतं. नावाचा अर्थ ‘लेरीचा किल्ला’. लेरी हा पाचव्या शतकातला आयरिश राजा. १८२१ साली इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज आयर्लंडची भेट आटोपून इथून जहाजात बसला आणि त्याच्या सन्मानार्थ गावाचं नाव किंग्जटाउन झालं. १९२० मध्ये गावानं आपलं जुनं नाव परत घेतलं. बॉम्बेची मुंबई होताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लगेच समजते.

या गावाची खरी ओळख मात्र राजामुळे नाही, बोटीमुळे आहे. इथून वेल्समधल्या हॉलिहेडला टपालाची बोट जायची. आगगाडी थेट धक्क्यावर यायची, माणसं डब्यातून उतरून बोटीत चढायची, पलीकडे पुन्हा गाडी धरून मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लंडन. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत सुमारे चार लाख माणसं आयर्लंड सोडून गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्याही आत होती. घरटी एक माणूस परदेशी, अशी कोकणातल्या गावांसारखी अवस्था. जाणाऱ्यांत गवंडी होते, परिचारिका होत्या, आणि दर वर्षी पंधरा-सोळा वर्षांची काही मुलंही असायची. कोणत्या तरी इंग्लिश क्लबच्या माणसानं त्यांना डब्लिनच्या मैदानावर हेरलेलं असायचं.

त्यांतल्या मोजक्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. डून लेरी आणि शेजारच्या मंक्सटाउनच्या अनाथाश्रमांत वाढलेला पॉल मॅकग्रा हा त्यातलाच. आई आयरिश, वडील नायजेरियन. हा मुलगा शेजारच्या डॉकी युनायटेडकडून खेळला, पोटासाठी इतर कामं केली, मग डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिकमध्ये एक हंगाम गाजवून १९८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मँचेस्टर युनायटेडला गेला. पुढे तो आयर्लंडकडून ८३ सामने खेळला. त्याची गोष्ट मोठी आहे आणि ती अनेकांनी सांगितली आहे. मला सांगायची आहे ती उरलेल्यांची. इंग्लंडमध्ये पोचले, खेळले, पगार घेतला, पण वरच्या पायरीवर कधी गेले नाहीत, अशांची.

अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. कसब अंगात आहे, पण दुकान स्वतःचं नाही. बोलावतील तिथे जायचं, दिलेलं काम चोख करायचं. मराठीत नेमका शब्द शोधताना मला मराठ्यांची फौज आठवली. त्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा पडला तर सरकार दुसरा देई, पण चाकरी सुटली की घोडा पागेत जमा. बारगीर पायी घरी.

इंग्लिश फुटबॉलमधला खेळाडू हा अनेक दशकं शुद्ध बारगीर होता. त्याचा घोडा म्हणजे त्याची नोंदणी. १८९३ पासून फुटबॉल लीगचा नियम असा होता, की खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राहते. क्लबनं सोडल्याशिवाय त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडे खेळता येत नसे. वर पगारावर मर्यादा होती. १९६१ च्या जानेवारीत ती उठली तेव्हा कमाल पगार आठवड्याला वीस पौंड होता. खेळाडूंच्या संघटनेनं संपाची तयारी केली, म्हणून ती उठली. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात न्यायालयानं खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धत अन्याय्य ठरवली. साखळी सैल झाली, पण तुटली नाही. दुसऱ्या क्लबनं पैसे मोजल्याशिवाय खेळाडू सुटत नसे.

याच काळात डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागातला इमॉन डन्फी नावाचा पोरगा इंग्लंडला गेला. जन्म १९४५ चा, म्हणजे १९६० मध्ये पंधरा वर्षांचा. क्लब साधासुधा नाही, मँचेस्टर युनायटेड. पाच वर्षं तो तिथे होता. त्याच मैदानावर सरावाला जॉर्ज बेस्ट होता. बेस्ट पहिल्या संघात गेला आणि जगाला ठाऊक झाला. डन्फीला पहिल्या संघाकडून लीगचा एकही सामना मिळाला नाही.

१९६५ मध्ये तो यॉर्क सिटीकडे गेला. तिसऱ्या श्रेणीतला छोटा क्लब. इथे एक गंमत आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १९६६ च्या विश्वचषकात प्रवेशासाठी आयर्लंड आणि स्पेन यांचा निर्णायक सामना पॅरिसमध्ये झाला. आयर्लंड एक गोलनं हरलं. त्या सामन्यात आयर्लंडकडून पहिल्यांदा खेळला यॉर्क सिटीचा डन्फी. बुधवारी विश्वचषकाचं दार आणि शनिवारी तिसऱ्या श्रेणीचा चिखल, असं ते आयुष्य होतं. पुढे तो देशाकडून एकूण २३ सामने खेळला. क्लबकडून इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत मात्र एकदाही नाही.

१९६६ च्या जानेवारीत तो लंडनच्या मिलवॉलकडे आला आणि जवळजवळ आठ वर्षं राहिला. मिलवॉल गोदी कामगारांचा क्लब. त्यांच्या ‘द डेन’ या मैदानावर १९६४ ते १९६७ या काळात ते लीगचे सलग ५९ सामने हरले नव्हते. डन्फी आला त्याच हंगामात क्लब दुसऱ्या श्रेणीत चढला. १९७२ मध्ये तर पहिली श्रेणी अवघ्या एका गुणानं हुकली. तो एक गुण मिळाला असता, तर आज डन्फीबद्दल आपण वेगळ्या भाषेत बोललो असतो. मधल्या फळीतला हा लहानखुरा खेळाडू चेंडू पायाशी ठेवून विचार करणारा होता. अशा माणसाला खालच्या श्रेणीत दर शनिवारी कोणी तरी लाथ मारतंच.

डन्फी आपल्या कामाचा का, तर त्यानं ते लिहून ठेवलं म्हणून. १९७३-७४ च्या हंगामात त्यानं रोजनिशी ठेवली आणि १९७६ मध्ये ती ‘ओन्ली अ गेम?’ या नावानं पुस्तकरूपात आली. तोपर्यंत खेळाडूंची आत्मचरित्रं म्हणजे विजयांची यादी असायची. या रोजनिशीत विजय जवळजवळ नाहीतच. हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांना आशा असते, हे वर्ष आपलं असं वाटतं. मग दोन-चार सामने हरतात, व्यवस्थापकाची नजर बदलते, आणि एके दिवशी फळ्यावरच्या यादीत आपलं नाव नसतं. संघाबाहेर बसलेला खेळाडू वर वर सहकाऱ्यांना शुभेच्छा देतो आणि मनात मात्र संघ हरावा अशी इच्छा करतो, कारण संघ जिंकला तर त्याची जागा गेली. हे डन्फीनं स्वतःबद्दल, न लाजता लिहिलं. त्याच हंगामात तो मिलवॉल सोडून चार्लटनकडे गेला, म्हणजे एक पायरी खाली.

तिथून १९७५ मध्ये चौथ्या श्रेणीतलं रेडिंग. पुढच्याच वर्षी रेडिंग तिसऱ्या श्रेणीत चढलं. बारगिराची कामगिरी ती हीच. फौज कोणाचीही असो, मोहीम पार पाडायची.

१९७७ मध्ये तो परतला. जॉनी जाइल्सनं, लीड्स युनायटेड गाजवून आलेल्या डब्लिनकरानं, शॅमरॉक रोव्हर्सची सूत्रं घेतली होती. आयरिश मुलांना बोटीत बसावंच लागू नये, इथेच पूर्णवेळ व्यावसायिक क्लब उभा करावा आणि युरोपात लढावं, असं ते स्वप्न होतं. १९७८ चा आयरिश चषक त्यांनी जिंकला, पण स्वप्न टिकलं नाही. आयर्लंडची लीग १९२१ पासून आहे, पण तिथले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव असेच जगत आले. डन्फी पुढे पत्रकार झाला, दूरदर्शनवरचा गाजलेला आणि भांडकुदळ समीक्षक झाला. त्याच्या बोलण्यावर चिडणाऱ्या अनेकांना तो कधी काळी खेळायचा हेच माहीत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, यात आपलं काय? दोन गोष्टी सांगतो.

पहिली बायचुंग भुतियाची. १९९९ मध्ये तो इंग्लंडमधल्या बरी या क्लबकडे गेला. भारतात तो तेव्हा सगळ्यात मोठा फुटबॉलपटू होता. बरी मात्र तिसऱ्या पातळीवरचा, मँचेस्टरच्या सावलीतला गिरणगावचा क्लब. तीन हंगामांत लीगचे ३७ सामने, ३ गोल. २००२ मध्ये क्लब आर्थिक डबघाईला आला आणि भुतिया परतला. हे आकडे किरकोळ वाटतील, पण ज्या लीगमध्ये तो टिकला तिथे टिकणं किती अवघड, हे डन्फी वाचल्यावर कळतं. तो क्लबच पुढे, २०१९ मध्ये, लीगमधून काढून टाकला गेला.

दुसरी गोष्ट मुंबईची. आपल्याकडे या बारगिराची पागा वेगळी होती: कंपनी. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, महिंद्र. खेळाडू कागदोपत्री कारकून किंवा कामगार असायचा. सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि कूपरेजवर सामना. पैसा फार नव्हता, पण गुडघा गेला तरी नोकरी राहायची. घोडा पडला तरी माणूस रस्त्यावर येत नव्हता. गिरण्या गेल्या, १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला, २०१० मध्ये महिंद्रनं आपला संघ मोडला. आज खेळाडूला करार मिळतो, पगार पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा मिळतो, आणि करार संपला की काहीच मिळत नाही.

युरोपात हा बदल ज्या माणसामुळे झाला तोही एक बारगीरच होता. बेल्जियमच्या लिएजमधला जाँ-मार्क बोस्मन. १९९० मध्ये त्याचा करार संपला. क्लबनं पगार कापून नवा करार पुढे केला आणि फ्रान्समधल्या डंकर्ककडे जाऊ द्यायला मोठी रक्कम मागितली. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला: करार संपला की खेळाडू मोकळा. त्या दिवशी प्रत्येक बारगीर शिलेदार झाला. घोडा आता त्याचा स्वतःचा. ज्यांचा घोडा अरबी होता ते कोट्यधीश झाले. बाकीच्यांना कळलं, की घोडा आपला म्हणजे दाणा-वैरणही आपलीच आणि तो लंगडला तर नुकसानही आपलंच. खालच्या श्रेणीत करार एक-दोन वर्षांचे झाले, आणि दर उन्हाळ्यात शेकडो खेळाडू मोकळे, म्हणजे बेकार, होऊ लागले. खुद्द बोस्मननं खटल्यात खेळण्याची वर्षं घालवली आणि पुढे हलाखीचे दिवस काढले.

डून लेरीची ती बोटही आता नाही. २०१५ मध्ये हॉलिहेडची फेरी कायमची थांबल्याचं जाहीर झालं. फुटबॉलची वाट त्यानंतर सहा वर्षांनी बंद झाली. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला देशाबाहेरच्या क्लबकडे जाता येत नाही. सोळा वर्षांनंतरची सूट युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आत आहे. ब्रेक्झिटमुळे १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन त्या सुटीबाहेर गेलं. डन्फीसारखा पंधरा वर्षांचा मुलगा आज मँचेस्टरला जाऊच शकत नाही. तो घरी राहतो, शाळा पूर्ण करतो, इथल्याच क्लबमध्ये वाढतो. इथले क्लब तेवढे सशक्त आहेत का, हा खरा प्रश्न. याच परिसरातला कॅबिन्टीली २०१५ मध्ये लीगमध्ये आला आणि २०२१ अखेर शेजारच्या ब्रे वाँडरर्समध्ये विलीन झाला. सात हंगाम, बस्स.

मी इतिहासाचा पोस्टडॉक. माझा करार दोन वर्षांचा आहे आणि हे माझं तिसरं शहर. वाचकहो, तुमच्यातले कितीतरी जण कंपनीच्या परवान्यावर इकडे आलात. परवाना कंपनीचा, घोडा पागेचा. काही जण पुढे कायमचे रहिवासी झालात आणि एकांडे शिलेदार होण्यातला आनंद आणि धाकधूक दोन्ही ओळखता. आपल्या घरांत मात्र यशाचा हिशेब अजून मॅकग्रावरूनच होतो. मुलगा पहिल्या संघात गेला का, एवढाच प्रश्न. चौदा-पंधरा वर्षं चार क्लबांत आपलं काम नीट करणाऱ्याला आपण ‘फारसं जमलं नाही’ म्हणतो. मला वाटतं ही मोजपट्टी खोटी आहे. लीग चालते ती अशाच माणसांवर. विद्यापीठं, इस्पितळं, कंपन्याही.

डन्फीची वर्षं आपल्याला कळली, कारण त्याच्या हातात लेखणी होती. मुंबईच्या कंपनी संघांतून खेळलेल्या माणसांनी बहुधा काहीच लिहून ठेवलेलं नाही, आणि ज्या कचेऱ्यांत त्यांच्या नोंदी होत्या त्यातल्या अनेक आता उरलेल्या नाहीत. तुमचे वडील, काका, शेजारी यांच्यापैकी कोणी गिरणीच्या, रेल्वेच्या, बँकेच्या संघातून खेळलं असेल, तर पुढच्या फोनवर विचारा: कोणत्या वर्षी, कोणत्या जागेवर, पगार किती, दुखापत झाली तेव्हा कोणी सांभाळलं, आणि खेळ थांबवला तो दिवस कोणता. उत्तरं वहीत उतरवून घ्या, तारखेसकट.