तलफेची लाट

व्यसनमुक्तीच्या गटांत आज ‘अर्ज सर्फिंग’ (urge surfing) नावाचं एक कसब शिकवतात. तलफ आली की तिच्याशी झुंजायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. ती लाटेसारखी कशी चढते, माथ्यावर कशी थरथरते, कशी ओसरते हे बघत तिच्यावर तरून राहायचं.

हे अमेरिकेतल्या ज्या सिअॅटल शहरात रुजलं, तिथेच १९३५ पासून एक वेगळा उपचार चालत होता. रुग्णाला वांतीचं औषध देऊन समोर दारू ठेवायची, म्हणजे पुढे तिच्या वासानेही पोटात ढवळावं. तलफेवरचा इलाज म्हणजे तलफ मारणं! शिवाय एक पक्की समजूत होती, की व्यसनी माणसाच्या पोटात पहिला घोट गेला की पुढचं त्याच्या हातात उरत नाही, रसायनच त्याला ओढून नेतं.

या समजुतीला मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७३ सालच्या प्रयोगाने तडा दिला. ३२ मद्यासक्त आणि ३२ बेताने पिणारे पुरुष चव पारखायला बसवले. काहींच्या पेल्यात व्होडका घातलेलं टॉनिक, काहींच्या नुसतंच टॉनिक. पण खरं सांगितलं ते निम्म्यांनाच. ज्यांना आपण व्होडका पितोय असं वाटत होतं, ते जास्त प्याले. पेल्यात खरोखर काय होतं, याने फारसा फरक पडला नाही. या सगळ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. माणसाच्या समजुतीला इथे मोठं वजन मिळालं, आणि समजूत बदलता येते.

मार्लॅट सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करत. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये काढलेल्या पुस्तकात व्यसन पुन्हा उलटण्याची साखळी कडीकडीने सोडवून दाखवली. एकदा स्लिप झाली, म्हणजे सोडल्यानंतर एखादा पेला घेतला गेला, की माणूस म्हणतो, ‘मी मुळातच नालायक, आता काय उरलं?’ या विचारातूनच दुसरा पेला भरला जातो, असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्या घरात हे घडलंय, त्यांना ते वेगळं पटवावं लागत नाही. लाटेची कल्पना याच पुस्तकात आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्या एका माणसावर उपचार करताना ती मार्लॅट यांना सुचली. तलफ वाढतच जाणार, असं वाटतं म्हणून माणूस हार मानतो. पण न पुरवता थांबलं, तर ती बहुधा काही मिनिटांत आपसूक उतरते. तोवर घशात, छातीत, हातांत ती कुठे जाणवतेय ते न्याहाळायचं आणि श्वासाचा आधार धरायचा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यावर येणारी थरथर, झटके, भास मात्र वेगळे. ते जिवावर बेतू शकतात. तिथे डॉक्टरच हवा.

शरीरातली संवेदना उठते आणि विरते, तिच्यावर प्रतिक्रिया न देता बघत राहा, हे सांगणारी परंपरा जुनी आहे, आणि तिची वाट महाराष्ट्रातून जाते. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे हीच पद्धत, विपश्यना, शिकले, १९६९ मध्ये भारतात आले. त्यांचं इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ मध्ये सुरू झालं. त्यांच्या पद्धतीची दहा दिवसांची मौन शिबिरं १९९७ पासून सिअॅटलजवळच्या एका तुरुंगात होऊ लागली. मार्लॅट यांच्या गटाने तिथल्या कैद्यांचा अभ्यास केला. २००६ मध्ये निष्कर्ष आले: सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्यांचं दारू, गांजा आणि क्रॅक कोकेनचं सेवन इतर कैद्यांपेक्षा कमी होतं. तुरुंग मात्र २००२ मध्येच बंद झाला होता.

२००९ मध्ये सेरा बोवेन आणि मार्लॅट यांनी धूम्रपान करणाऱ्या १२३ विद्यार्थ्यांवर लाटेचं हे कसब आजमावलं. ते शिकलेल्यांची तलफ इतरांपेक्षा कमी झाली नाही, तरीही पुढच्या सात दिवसांत त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या. तलफ गेली नाही म्हणून खचणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी सांगायला हवं.

मार्लॅट २०११ मध्ये वारले. विचारांची तपासणी आणि ध्यान एकत्र गुंफलेला त्यांचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम २८६ जणांवर तपासून झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. पहिली स्लिप लांबवण्यात १९८५च्या पुस्तकातली जुनी, ध्यानाविना पद्धत सरस ठरली. वर्षभराने पाहिलं, तर नशेचे दिवस ध्यान शिकलेल्यांचे कमी होते.