खोपोलीचे पाइप आणि मुळशीची माणसे

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना खोपोलीचे ते जाडजूड पाइप नक्की आठवत असतील. घाट सुरू होण्याआधी दिसणारे, डोंगरावरून सरळ खाली उतरलेले. लहानपणी विचारलं की मोठ्यांचं उत्तर ठरलेलं, "त्यातून पाणी येतं आणि त्याची वीज होते." तेवढ्यात बटाटेवडे यायचे आणि विषय तिथेच संपायचा!

आज इथे आपली मुलं शाळेत ऊर्जेवर प्रोजेक्ट करतात. एका रकान्यात कोळसा, तेल, वायू, म्हणजे संपणारे साठे. दुसऱ्यात ऊन, वारा, पाणी, म्हणजे न संपणारे. पहिला रकाना वाईट, दुसरा चांगला. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. का, ते सांगणारी गोष्ट सह्याद्रीच्या माथ्यावर घडली.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत. त्यासाठी लागणारा कोळसा बंगालकडून रेल्वेने, नाहीतर परदेशातून बोटीने आणावा लागे. खर्च मोठा, शिवाय शहरभर धूर. दुसरीकडे, लोणावळ्याच्या डोंगरावर चार महिने पाऊस नुसता कोसळत होता. ते पाणी तलावात साठवून वर्षभर कोकणाच्या बाजूला सोडलं तर? सुमारे ५०० मीटरच्या त्या उतारात केवढी शक्ती आहे! जमशेटजी टाटांनी हे स्वप्न पाहिलं, पण १९०४ साली ते गेले. त्यांच्या पश्चात १९१० साली कंपनी निघाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. आज या तिन्ही केंद्रांची क्षमता मिळून ४४७ मेगावॅट आहे. शतक उलटलं, तरी पाऊस दरवर्षी तलाव भरतो. न संपणारी ऊर्जा म्हणतात ती हीच.

पण भिऱ्याला पाणी येतं ते मुळशीच्या तलावातून. आणि तो तलाव रिकाम्या जागेवर झालेला नाही.

मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात मावळ्यांची भातशेती होती. धरणात सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला दिला. गावकऱ्यांनी घोषणा दिली, "जान किंवा जमीन!" १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायकाही मागे राहिल्या नाहीत. त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना फेरविचाराची विनंती केली. काम काही काळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. सत्याग्रही तुरुंगात जात राहिले.

लढ्याचे नेते होते पांडुरंग महादेव बापट. गंमत पाहा, हा माणूस एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेलेला! यंत्र म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तेच मावळ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि मुळशीनेच त्यांना 'सेनापती' केलं. शेवटी १९२४ साली त्यांनी बांधकामाच्या गाडीवर सशस्त्र हल्ला केला, सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. धरण झालं.

या कथेतली सगळ्यात बोचणारी गोष्ट आपल्याच माणसांची आहे. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या नावावर झालेल्या होत्या. नुकसानभरपाई ठरू लागल्यावर या मंडळींचं हित पैशात होतं. कसणाऱ्या मावळ्यांना मात्र जमीनच हवी होती. एकीला तडा गेला तो इथे. परका सरकार आणि बलाढ्य कंपनी एवढीच नावं घेऊन ही गोष्ट सांगता येत नाही.

मग धरण नको होतं का? असं सरळ म्हणता येणार नाही. त्या विजेने गिरण्या चालल्या आणि त्या गिरण्यांवर कोकणातली, घाटावरची हजारो कुटुंबं जगली. आपल्यापैकी कुणाचे आजोबाही असतील त्यात! पण उजेड मुंबईत पडला आणि ज्यांची शेतं बुडाली त्यांचा त्यात वाटा नव्हता, हेही तितकंच खरं. पुढे कोयनेलाही तेच झालं. १९६२ साली तिथे वीज सुरू झाली, पण धरणग्रस्तांची आंदोलनं त्यानंतर पन्नास वर्षांनीही चालू होती.

आता जगभर ऊन आणि वारा यांच्याकडे वळणं चाललंय, आणि ते व्हायलाच हवं. कोळसा जाळत राहणं परवडणारं नाही. पण सौर प्रकल्पाला जागा लागते, पवनचक्कीलाही लागते. ती जागा कुणाची तरी असते. ऊन न संपणारं असेल, शेतकऱ्याची जमीन तशी नसते. एकदा गेली की गेलीच.

तेव्हा यंदा मुलं प्रोजेक्टला बसली, की त्यांना वहीत तिसरा रकाना आखायला सांगू या: "यासाठी कुणी काय दिलं आणि त्यांना काय मिळालं?" मग त्यांना खोपोलीच्या पाइपांची गोष्ट सांगू या. या वेळी वड्यांसाठी अर्ध्यावर न सोडता, पार मुळशीपर्यंत.